ठोकळा लागला

अण्णा,

तुमचं फायर स्टेशन पाडलं. पाडण्याच्या प्रस्तावावर खालून दुसरी सही माझी आहे, तेव्हा ही बातमी तुम्हाला माझ्याकडूनच कळलेली बरी. तसं त्यात वाईट वाटून घेण्यासारखं फार नव्हतं. ती इमारत मुळात फायर स्टेशन म्हणून बांधलेलीच नव्हती. जुना जकात नाका तो. जकात घेणारे गेले आणि बंब आत आला. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी आणि दार इतकं अरुंद की गाडी आत घेताना दोन्हीकडचे आरसे मिटवून घ्यावे लागायचे. पावसाळ्यात तुम्ही लोक आग विझवायच्या लाल बादल्या गळतीखाली मांडायचात, आणि त्या भरल्या की कुणीतरी म्हणायचं, चला, नगरपालिकेनं पाणी सोडलं एकदाचं. नळ्या कडुलिंबाच्या फांद्यांवर वाळत पडायच्या आणि वरून कावळे त्या घाण करायचे. हे सगळं मला आठवतं, पण ते जपून ठेवावं असं मला इंजिनिअर म्हणून कधी वाटलं नाही.

मी आपल्याच गावच्या नगरपालिकेत इंजिनिअर झाले, हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी नांदेडला शेवटच्या वर्षाला होते. त्याला आता अठरा वर्षं झाली. लातूरला एका बिल्डरकडे चार वर्षं काढली, मग इथली जागा निघाली. बांधकाम विभागात बसते. खिडकीतून तुमचं स्टेशन दिसायचं. आता नवीन दिसतं. त्याच जागेवर आहे. दोन गाड्यांची ऐसपैस जागा, बटण दाबलं की वर जाणारी शटरं, नळ्या उभ्या टांगून वाळवायला मनोरा, वरच्या मजल्यावर झोपायची खोली. मुलींसाठी वेगळी खोलीसुद्धा आहे, कारण दोन मुली भरती झाल्यात. त्यातली एक रेणापूरकडची. ती सरावाला शिडी चढायला लागली की रस्त्यावर माणसं थांबून बघतात. ती खाली बघत नाही. तुम्हाला ती आवडली असती.

पण हे पत्र इमारतीबद्दल नाही. ठोकळ्याबद्दल आहे.

त्या जकात नाक्याची फरशी रस्त्याकडे उतरती होती. ती का, हे मला लहानपणी कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्याच खोल्या अशा असतात असं मला वाटायचं. पुढे कळलं की तुम्हा लोकांना त्या उताराचाच आधार होता. बॅटरी उतरलेली असो, सेल्फ बिघडलेला असो, बंब तोंड रस्त्याकडे करून उतारावर उभा असायचा. आगीची वर्दी आली की पुढच्या चाकाखालचा ठोकळा काढायचा, गाडी आपोआप सुटायची, तुम्ही गिअर टाकून क्लच सोडायचात आणि रस्ता गाठेपर्यंत इंजिन चालू झालेलं असायचं. हँडब्रेक तुम्ही कुणी लावतच नव्हता. घाईत तो सोडायचा राहतो आणि गाडी तशीच रेटली जाते, असं तुमचं म्हणणं. सगळी भिस्त ठोकळ्यावर. बाभळीचा होता, तिरका तासलेला, एका बाजूला भोक पाडून दोरी बांधलेली. जिनिंग मिलच्या आगीत एकदा त्याचा कोपरा जळाला होता. बंब तीन बदलले, ठोकळा तोच राहिला.

आणि त्याची ती हाक. ठोकळा चाकाखाली सरकवणारा ओरडायचा, "लागला!" काढणारा ओरडायचा, "आला!" ड्रायव्हरला सीटवरून पुढचं चाक दिसत नाही, म्हणून तुम्ही त्या हाकेवर चालायचात. "लागला" ऐकू आलं की ब्रेकवरचा पाय काढायचा आणि उतरायचं. वाकून बघायचं नाही. बघणं म्हणजे समोरच्याला खोटं पाडणं, असा तुमच्यातला रिवाज होता. बहुतेक वेळा ठोकळा मामांच्या हातात असायचा. मामा म्हणजे तुमच्या हाताखाली आलेले, आईच्या माहेराजवळचे, नायगावकडचे. म्हणून मी त्यांना मामा म्हणायचे, आणि ते मला बाई. आता ऑफिसात चारचौघांत म्याडम म्हणतात आणि बाहेर आले की परत बाई.

मी दहा वर्षांची आहे. उन्हाळ्याची सुट्टी आहे, आईनं दिलेला डबा घेऊन मी स्टेशनात आले आहे. तुम्ही सकाळची गाडी चालू करून बघता आहात. उंबऱ्यापर्यंत पुढे, मग मागे उतारावर वर. मामा पाणी भरायला मागच्या हौदाकडे गेलेत. ठोकळा भिंतीशी पडला आहे आणि मी त्याच्यावर बसले आहे, डबा मांडीत घेऊन. तुम्ही गाडी मागे घेतली, पाय ब्रेकवर, हाकेची वाट बघताय. आणि मी घसा जाड करून ओरडले, "लागला!" तुम्ही उतरलात. बंब क्षणभर थांबला आणि मग निघाला. अगदी सावकाश. तुम्ही धावलात, पायरीवर चढलात, ब्रेक दाबलात, पण तोवर तो रस्ता ओलांडून समोरच्या चहावाल्याच्या बाकावर जाऊन टेकला होता. बाकावर कुणी नव्हतं. बाकाचे दोन तुकडे झाले, चहावाला हातात गाळणी घेऊन नुसता बघत राहिला.

 तुम्ही माझा दंड धरलात आणि सरळ स्टेशनच्या साहेबांच्या टेबलापुढे नेऊन उभं केलंत. मामा ओल्या हातानं धावत आले होते आणि दारात उभे होते. साहेबांनी त्यांच्याकडेच बघून तोंड सोडायला सुरुवात केली होती, कारण ठोकळा मामांचं काम. तुम्ही म्हणालात, "त्याला काय बोलू नका साहेब. ठोकळ्यावर माझी पोरगी बसली व्हती, हाक बी तिनंच दिली. पर उतरलो मी. दोनी लिहा." साहेब म्हणाले, "पोरीचं कशाला कागदावर आणता? तुमची चूक एवढंच लिहितो." तुम्ही हट्टाला पेटलात. "अर्धं काहून लिहिता साहेब? झालं ते समदं लिहा." मग त्यांनी लिहिलं. तुम्हाला मेमो मिळाला. नगरपालिकेच्या दप्तरात माझी पहिली नोंद ती आहे. नोकरीच्या बऱ्याच आधीची.

घरी जाताना सायकलच्या कॅरिअरवर मी मागे बसले होते. तुम्ही पुढे बघतच म्हणालात, "जे झालं ते अर्धं सांगायचं न्हाई, बाई. अर्धं सांगितलं की उरलेलं दुसऱ्याच्या अंगावर पडतंय."  मग गंजाच्या चौकात म्हणालात, "खेळू राहिली व्हतीस ना?" मी हो म्हणाले. तो विषय तिथे संपला. आईला तुम्ही काय सांगितलंत मला माहीत नाही, पण त्या संध्याकाळी तिनं माझ्या ताटात नेहमीपेक्षा जास्त भात वाढला आणि डब्यातली पातळ भाजी कुठं सांडली हे विचारलं नाही.

नव्या स्टेशनचं ड्रॉइंग माझ्याकडे आलं तेव्हा मी ते महिनाभर नीट केलं. शटरची उंची, मनोऱ्याची जागा, सगळं पुस्तकाप्रमाणे. गाड्या उभ्या करायच्या जमिनीला थोडा उतार द्यावाच लागतो, धुतल्यावर पाणी निघून जायला. शंभर फुटांत एक फूट पुरतो. मी चाळीस फुटांत एक दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, पाण्याचा निचरा. कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काहीतरी तांत्रिक बोलले असते आणि समोरच्यानं मान हलवली असती. खरं कारण तांत्रिक नव्हतं. मला ती जमीन सपाट काढवेना. दोनदा काढली आणि दोनदा खोडली. माझ्या डोळ्याला ते फायर स्टेशन वाटत नव्हतं. एवढा मोह मी नोकरीत पहिल्यांदाच केला, आणि तो कुणाच्या लक्षात येणार नाही असा केला.

दुसरा मोह जुनं स्टेशन रिकामं करायच्या दिवशी. सामान बाजार समितीच्या मैदानावर तात्पुरत्या शेडमध्ये चाललं होतं. नळ्या, नोझलं, शिड्या, कपाटं, तुमच्या काळातली पितळी घंटा. ठोकळा कोपऱ्यात पडला होता. यादीत नव्हता, ठोकळा कोण यादीत घेतो? मी तो ओढणीत गुंडाळला आणि स्कूटीच्या डिकीत टाकला. डिकी बंद करून मागे वळले तर मामा उभे. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "न्या बाई. अण्णाचा हाय. नव्या गाडीला काय लागतंय ह्येचं." आम्हा दोघांनाही तेव्हा ते खरं वाटलं. शेडची जागा सपाट होती, ठोकळा लागला नाही. जुन्या बंबाची बॅटरी उतरली की मामा हमालांना हाक मारायचे, आठ-दहा जण पोती टाकून यायचे आणि ढकलायचे.

नवीन स्टेशन झालं, नवीन गाडी आली. तुमच्या शेवटच्या वर्षी आलेला बंब मोडीत जाणार असं सगळे धरून चालले होते, पण दुसरी गाडी मंजूर झाली नाही आणि तो तसाच ठेवायचं ठरलं. मामा आता तुमच्या जागी ड्रायव्हर आहेत; त्यांनी तो नव्या जागेत आणला तेव्हा मी तिथे होते. गाडी आत घेतली, उतरले, जमिनीकडे बघितलं, चपलेचा पाय घासून बघितला. मग माझ्याकडे बघून हसले. "ह्यो तर अण्णाचा उतार हाय की वो, म्याडम!" माणसं उभी होती म्हणून म्याडम. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. गावात आणखी एका माणसाला तो उतार ओळखता आला.

उतार ओळखीचा निघाला म्हणून मामांनी गाडीही ओळखीच्या रीतीनं उभी केली. तोंड रस्त्याकडे, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक नाही. फक्त ठोकळा नव्हता, म्हणून बांधकामातली उरलेली वीट लावली. वीट चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी दुपारी जेवणाच्या वेळी ती फुटली, आणि पाण्यानं भरलेला बंब बंद शटरवर जाऊन आदळला. शटर मधोमध वाकलं आणि खाचेतून निसटून शेजारच्या शटरच्या खांबावर अडकलं, त्यामुळे नवीन गाडीही आत कोंडली. संध्याकाळी गॅसकटरनं कापेपर्यंत आपल्या गावाला एकही बंब नव्हता. त्या चार तासांत वर्दी आली नाही. औशाकडून एक फोन आला होता, पण तो कुणाची तरी म्हैस विहिरीत पडली म्हणून, आणि तिला गावकऱ्यांनीच काढलं.

मामांना नोटीस निघाली. हलगर्जीपणा, हँडब्रेक न लावणे, प्रमाणित साधनाऐवजी वीट वापरणे. त्यांच्या निवृत्तीला पाच महिने राहिलेत. चौकशी चालू असताना निवृत्त झालं की पेन्शन अडकतं, आणि अडकलेलं पेन्शन सुटताना मी आमच्या इमारतीत फारसं पाहिलेलं नाही. तांत्रिक अहवाल द्यायला मला सांगितलं. म्हणजे गाडी का सुटली हे मी लिहायचं.

मी मुख्याधिकाऱ्यांकडे गेले आणि उताराचं सांगितलं. शंभरात एक असता तर वीट फुटूनही गाडी जागची हलली नसती, उतार जास्तीचा आहे आणि तो मी दिला आहे. ते तरुण आहेत, परीक्षा देऊन आलेले, वाईट माणूस नाही. म्हणाले, "म्याडम, उतार पाण्यासाठीच असतो ना? मग झालं. तुम्ही कशाला स्वतःला अडकवून घेता?" मी म्हणाले, लेखी देते. त्यांनी खांदे उडवले. मी लेखी दिलं. मला खुलासा मागितला आहे, तो मी देईन; फार तर एक वेतनवाढ जाईल. मला वाटलं होतं की यावर मामांची नोटीस मागे घेतली जाईल. तशी ती अर्धी मागे घेतली गेली. हँडब्रेकचं समज देऊन सोडलं. विटेचं राहिलं. मूळ ठोकळा असताना वीट का वापरली, याचं उत्तर मामांनी द्यायचं होतं. मामांनी लिहून दिलं की ठोकळा सामान हलवताना त्यांच्याच हातून हरवला. ठोकळा यादीत नव्हता तरी सरकारी वस्तू हरवणे, असं आणखी एक कलम त्यामुळे वाढलं.

मी त्यांना गाठलं ते त्या चहावाल्याकडे. आता त्याचा मुलगा चालवतो, बाक लोखंडी आहे. मी विचारलं, "मामा, हरवला कामून लिहिलंत?" ते बशीत चहा ओतत म्हणाले, "मग काय लिहू? इंजिनिअरीण बाईनं डिकीत टाकून नेला म्हणून लिहू?" मी म्हणाले, "मग गाडी आणली तेव्हा मला मागायचा होता. मी आणून दिला असता." तर ते म्हणाले, "लई येळा मनात आलं. पर अण्णाची वस्तू तुमच्याकडून परत मागायला त्वांड कुठं हाय मला? त्या दिवशी साहेबानं माझंच नाव लिवलं असतं. अण्णानं स्वतःची पोरगी पुढं केली, मला न्हाई." आणि मग, चहा संपवून उठताना, "ऱ्हाऊ द्या बाई. पाच महिने काय, निघून जातेत."

अण्णा, तुम्ही त्या दिवशी साहेबांपुढे जे केलंत ते माझ्यासाठी केलंत, मला शिकवण्यासाठी, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. दारात ओल्या हातानं उभा असलेला माणूस माझ्या हिशेबातच नव्हता. मला लाज वाटली. अजून वाटते. मी उताराचं सांगितलं तेव्हा मला मोठं काही केल्यासारखं वाटलं होतं, आणि तेवढ्यात उरलेलं अर्धं नेमकं त्याच माणसाच्या अंगावर जाऊन पडलं होतं.

आज रविवार आहे. ठोकळा इतके दिवस माझ्या पुढच्या दाराशी असायचा. वाऱ्यानं दार आपटतं म्हणून मी तो खाली लावायचे. अहवालाचं शेवटचं पान समोर आहे, आणि मी त्यात लिहिलं आहे: मूळ लाकडी ठोकळा स्टेशन रिकामं करताना मी परवानगीशिवाय घरी नेला, तो सोबत जमा करत आहे, वीट वापरावी लागली ती त्यामुळे. सही केली आहे. ठोकळा धुऊन पिशवीत घातला, जळका कोपरा तसाच राहिला. दार आत्ताच एकदा आपटलं. परत द्यावासा वाटत नाही, पण देणार आहे. या पत्राचे कागद मात्र कुठे पाठवायचे नाहीत, तेव्हा इथे एक गोष्ट लिहायला हरकत नाही.

गंजाच्या चौकात तुम्ही विचारलंत, खेळत होतीस ना, आणि मी हो म्हणाले. मी खेळत नव्हते, अण्णा. ठोकळा माझ्याखाली आहे हे मला पक्कं माहीत होतं. मामांच्या हाकेवर तुम्ही न बघता उतरता, ते मी रोज बघत होते. माझ्या हाकेवर उतरता का, एवढंच मला बघायचं होतं. तुम्ही उतरलात.